कठीण शब्द कुणाला कठीण?

मराठीच्या क्रमिक पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ दिलेले असतात. आपली पोरं ते पाठ करतात. एका खोलीत सहा माणसं झोपलेली, कुठं अंबरनाथच्या वस्तीत, कुठं बदलापूरच्या चाळीत, कुठं उल्हासनगरच्या कॅम्पात, आणि एक पोरगं दिव्याखाली घोकतंय. वारू म्हणजे घोडा. कांता म्हणजे बायको. पीयूष म्हणजे अमृत. मोरोपंतांची आर्या, वामनपंडितांचा श्लोक, ज्ञानेश्वरीची ओवी. दोन मार्कांचा प्रश्न. पेपर संपला की शब्दही गेले.

मित्रांनो, हे शब्द शिकावेत की नाहीत? आपल्या अभ्यासवर्गात यावर नेहमी भांडण होतं. एक म्हणतो, त्यांचं साहित्य, त्यांचे शब्द, आपल्याला काय करायचेत? दुसरा म्हणतो, गुमान पाठ कर, नोकरी लागंल. मला दोघांचंही पटत नाही.

पहिल्याला मी बाबासाहेबांकडं पाठवतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढं स्वतःच्या जिद्दीवर शिकून घेतलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, पण जाळली म्हणून तिच्याकडं पाठ फिरवली नाही. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्यात धर्मशास्त्रातले शब्द साक्षीदारासारखे पिंजऱ्यात उभे केले.

त्यातला ‘अंत्यज’ बघा. अंत्य म्हणजे शेवटचा. शास्त्रीबुवा सांगणार, सृष्टीत सगळ्यांत शेवटी जन्मला तो अंत्यज. बाबासाहेबांनी हिशेब मांडला. तुमच्याच शास्त्राप्रमाणं शेवटी जन्मला तो शूद्र. अस्पृश्य तर चातुर्वर्ण्याच्या बाहेर. मग हा शेवट कशाचा? गावाचा. गावाच्या शेवटाला राहतो तो अंत्य. एका शब्दाची गाठ सोडवली, आणि जे जन्माला चिकटवलं होतं ते काढून राहण्याच्या जागेवर आणून ठेवलं. जन्माला इलाज नाही, जागेला आहे. धड्याखालच्या शब्दार्थात हे मावलं असतं का? तिथं छापलं असतं, अंत्यज म्हणजे अस्पृश्य. खल्लास.

म्हणून दुसऱ्याचंही पटत नाही. घोकणारा शब्द शिकतो आणि त्याच्याबरोबर लाजही शिकतो. फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, ते सिंधी माणसांचं गाव. मोरोपंतांवर सिंधी पोरगंही अडखळतं, आपलंही. त्याला सांगतात, असू दे, तुझी मातृभाषा नाही. आपल्याला सांगतात, ‘आनि-पानी’ काय करतोस, जीभ सुधार. अडखळणं एकच. त्याला सवलत, आपल्याला लाज, आणि तीही आपल्याच मायबोलीत!

तरी मोरोपंतांवर माझा राग नाही. मोराच्या ओरडण्याला संस्कृतात एक स्वतंत्र शब्द आहे, केका. मोरोपंतांनी स्वतःच्या नावाशी खेळून देवाला मारलेल्या हाकांना ‘केकावली’ म्हटलं. ही गंमत आपल्या पोरांना का मिळू नये? पण गंमत सांगायला मास्तराला वेळ नाही, दोन मार्क मोजायला आहे.

बरं, कठीण म्हणजे कुणाला कठीण? १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. एवढा जाणता नाटककार, पण कितीतरी शब्दांवर अडला, आणि तसं त्यानं मोकळेपणी लिहून टाकलं. शहर तेच, भाषा तीच. त्या शब्दांना तोवर कुणी कठीण म्हटलं नव्हतं, कारण ते कुणाच्या परीक्षेलाच नव्हते.

आता थोडं आपल्या घरातलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर अंगठा उठवणाऱ्या आयाबायांनी पाली तोंडपाठ केली. वेरमणी, सिक्खापदं, समादियामि. आर्येपेक्षा सोपे शब्द आहेत का हे? पण त्यांना ते हवे होते, म्हणून बसले. मात्र विहारातल्या पोराला ‘समादियामि’चा अर्थ विचारा, बहुतेक वेळा मान खाली घालतो. मी स्वतः होऊन घेतो, असा तो शब्द आहे. कुणी हुकूम दिलेला नाही. अर्थ न कळता म्हटला तर मुद्दाच गेला. बाबासाहेबांनी पालीचा कोश रचला. तो सरकारच्या ग्रंथमालेत सोळावा खंड म्हणून १९९८ साली छापून आला. विहारात त्याची प्रत किती ठिकाणी आहे?

तेराव्या शतकात महानुभावांपुढं हाच पेच होता. केसोबासांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं. तसं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. आणि आपण? बदलापुरात एका सभेत आपला वक्ता पाऊण तास ‘प्रस्थापित’ आणि ‘सांस्कृतिक वर्चस्व’ करत होता. सभा सुटल्यावर एका बाईनं विचारलं, “ह्यो प्रस्थापित कोन रं, भाऊ? आपल्या वार्डातला हाय का?” पोरं हसली. हसण्यासारखं काय होतं? माणूस वॉर्डातलाच होता. त्याचं नाव सोप्या मराठीत घ्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून कठीण शब्द पुढं केला होता.

आमच्या वर्गात हल्ली वही दोन्ही बाजूंनी भरतो. पुढून पुस्तकातला शब्द. त्याचा नुसता अर्थ चालत नाही, तो कुणी कुणाला म्हटला तेही लिहायचं. मागून घरातला शब्द. येसकर, तराळ, बलुतं. हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायचे. ‘हाडकी-हाडवळा’वर चार पानं झालीत. अजून दोघांच्या आज्या गावाहून यायच्या आहेत.