होडीची डागडुजी

रायगड जिल्ह्यातल्या जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत गणेशमूर्तींची लगबग असते, त्याच दिवसांत जिल्ह्याच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या दुरुस्तीला निघतात. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी. सवड तेवढीच, तीही भर पावसात. आधी तळाला चिकटलेले शिंपले खरवडतात. मग हातोडीने फळी न् फळी ठोकून पाहतात. आवाज बद आला की लाकूड कुजले. साग महाग, म्हणून कुजकी फळीच तेवढी बदलतात. गंजका खिळा मात्र ठेवू नये. तो भोवतालचे लाकूडही खातो. फटींत कापूस ठासून वर राळ-तेलाचा लेप देतात. ओल्या लाकडावर रंग धरत नाही, त्यासाठी उघडीप लागते. पैसे कमी पडल्यास रंगात काटकसर चालते, फटींत नाही.