पाटीवरची तिसरी ओळ

अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टवाल्याने उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याची नवी घसरगुंडी उभारली. चार मजली उंच, तीन वळणांची, भोवती निळा-पिवळा फायबर. विरार स्टेशनपासून अर्नाळ्याच्या रस्त्यापर्यंत बॅनर झळकले : '१ मेपासून सुरू'.

कागदपत्रांत काही कमी नव्हतं. ठेकेदाराचा दाखला होता, परवानग्या होत्या. राहिली होती ती रिसॉर्टच्याच रजिस्टरमधली एक ओळ : 'तपासली, माणसं सोडायला योग्य.' तिच्याखाली फिटरची सही लागत होती आणि फिटर सही करायला तयार नव्हता.

फिटरची तपासण्याची रीत बघण्यासारखी होती. सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी तो कापसाचा बोळा घेऊन वर चढायचा आणि कोरड्या घसरगुंडीतून बसत-सरकत खाली यायचा, बोळा फायबरवर दाबून फिरवत. जिथे दोन तुकडे जोडलेले असतात तिथे कापसाचे तंतू अडकले की खडूची फुली. कापूस अडकतो तिथे वेगात येणाऱ्या पोराची पाठ सोलणार, हा त्याचा साधा हिशेब. मग तो खाली उतरून खांबांचे बोल्ट बघायचा. बोट फिरवलं की बोटाला तांबूस पूड लागायची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला साधं लोखंड टिकत नाही, जस्ताचा पातळ मुलामाही फार दिवस तग धरत नाही. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील लागतं. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला सहजासहजी दाद देत नाही. करारात ३१६ लिहिलं होतं. जागेवर जे बसवलं होतं ते पंधरा दिवसांतच गंजायला लागलं होतं.

शेवटी वाळूच्या गोण्या. पन्नास किलोची गोणी शहाण्यासारखी खाली आली. ऐंशी किलोची दुसऱ्या वळणावर भिंतीला इतकी वर चढली की तिचा कोपरा काठाबाहेर डोकावला.

"अरे, गोणी म्हणजे माणूस आहे का?" मालक वैतागून म्हणाला. "माणूस काठ धरेल, पाय रोवेल."

"काठ धरायला जाईल म्हणूनच भीती वाटते, शेठ," फिटर म्हणाला. "गोणीला हात नसतात."

१ मे गेला. बॅनरवर '८ मे'ची पट्टी चिकटवली. ८ मे गेला, '१५ मे'ची चिकटवली.

मालकाला खलनायक केलं तर गोष्ट सोपी होईल, पण तो तसा नव्हता. बँकेचा हप्ता थांबत नव्हता. शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यातच, जूनमध्ये पाऊस लागला की सुरूच्या बनात कुत्रंही फिरकत नाही. शेजारच्या रिसॉर्टला गर्दी आणि आपल्याकडे नुसते फोन करून चौकशी करणारे ग्राहक, हे रोज बघणं सोपं नसतं. घाई करणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात, अडचणीत असतात.

फिटरने त्याला मोबाइलवर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली गोष्ट दाखवली. तिथे 'व्हेरुक्ट' नावाची पाण्याची घसरगुंडी बांधली होती, सुमारे ५१ मीटर उंच, त्या वेळी जगातली सर्वांत उंच. चाचणीत वाळूच्या पोत्यांसकट तराफे हवेत उडाले. उद्घाटन पुन्हा पुन्हा पुढे गेलं, लोक चिडले, अखेर १० जुलै २०१४ रोजी ती उघडली. वरून लोखंडी कमानी आणि जाळी बसवली होती. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा उसळला आणि दहा वर्षांचा एक मुलगा गेला. पुढे ती पाडली. पोत्यांनी दोन वर्षं आधीच सांगितलं होतं.

"ते अमेरिकेतलं झालं," मालक म्हणाला.

"मग आपल्याकडचं घ्या. १४ जुलै २०१९, अहमदाबादचं कांकरिया. पाळणा मोडून पडला, दोघं गेले."

मालक गप्प झाला, पण पटलं असं नाही. तो उठला आणि मामाकडे गेला. मामाने उमेदीची वर्षं अर्नाळ्यासमोरच्या बेटावरच्या किल्ल्यावर होडीने माणसं नेण्या-आणण्यात काढली होती आणि फिटर त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. मामाने समजावलं तर काम होईल, हा विचार.

ओट्यावर बसून मालकाने सगळं सांगितलं आणि वर एक दाखलाही दिला. "मामा, आपल्या किल्ल्याच्या दरवाजावर काय कोरलंय? समुद्राच्या पोटात किल्ला लवकर बांधा, अशी पेशव्यांची आज्ञा. १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट घेतलं आणि घाईने बांधून काढलं. आज अडीचशेच्या वर वर्षं झाली, उभा आहे ना? घाईने काय बिघडलं?"

मामा हसला. "अर्धीच वाचलीस पाटी. ज्याने लवकर करा म्हणून सांगितलं त्या बाजीरावांचं नाव तिथे आहे. ज्याला सांगितलं त्या शंकराजींचं आहे. ज्याने बांधला त्या बाजी तुळाजीचंही आहे. दगडात. तुझ्या रजिस्टरात किती नावं?"

"एक."

"कोणाचं?"

"फिटरचं."

"आणि घाई कोणाची?"

मालक बोलला नाही.

"मी होडी लोटायचो तेव्हा धोक्याचा बावटा लागलाय का बघायचो," मामा म्हणाला. "किनाऱ्यावरून 'चला चला' करणारे पुष्कळ असायचे. पण त्यांतला एक तरी माझ्या होडीत बसायचा का, तेही बघायचो. तू घसरगुंडीला पाटी लाव. बांधली कोणी, तपासली कोणी, सुरू करायला सांगितलं कोणी. मग मी त्याला सही करायला सांगतो."

मालक तणतणत घरी आला. म्हाताऱ्याची खोड म्हणून सोडून देणार होता, पण सही हवी होती. पाटी तर पाटी! त्याने ठेकेदाराला फोन लावला.

"तुमच्या फर्मचं नाव नीट सांगा हो. दगडावर कोरायचंय, चूक नको."

"कशाला?"

"घसरगुंडीच्या पायथ्याला लावतोय. 'बांधली यांनी'. कायमची पाटी."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ठेकेदाराचा आवाज एकदम मऊ झाला. "शेठ, दोन दिवस दम धरा. माझी पोरं पाठवतो. ते बोल्ट एकदा बदलूनच घेऊ. आणि दुसऱ्या वळणाची भिंतही जरा उंच करून देतो. पैशाचं बघू नंतर."

गेला महिनाभर हाच माणूस फोनवर 'बोल्ट एकदम फर्स्ट क्लास' म्हणत होता.

फोन ठेवून मालक बराच वेळ नुसता बसून राहिला. ठेकेदाराला शिव्या द्याव्यात असं त्याच्या मनात आलं असेलच. पण दगडावर आपलंही नाव येणार, हे त्याला आत्ता कुठे दिसत होतं. संध्याकाळी त्याने माणूस पाठवून बॅनर उतरवले.

ठेकेदाराची माणसं आली, नवे बोल्ट आले. फिटरने पहिल्याच पेटीतला एक बोल्ट उचलून त्यावर कोरलेला आकडा वाचला, मगच बाकीच्यांना हात लावू दिला. भिंत उंच झाली. फुल्या मारलेले जोड घासून गुळगुळीत केले. मे संपत आला.

पाटी कोरणारा माप घ्यायला आला तेव्हा पहिल्या दोन ओळी त्याने लिहून घेतल्या.

"तिसरीत कोणाचं नाव, शेठ?"

मालकाने त्याच्या हातातला कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने आपलं पूर्ण नाव लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट.

"आणि तारीख?"

"ती मिस्त्रींना विचार."

कोरणारा फिटरकडे गेला. फिटर पंपाचं पाणी कमी-जास्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "आठवड्याने ये. अजून ऐंशी किलोच्या गोण्या सोडायच्यात."