हाताआडची ज्योत

आज एकच चित्र बघू या. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’. हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, पण त्याच्या छापील प्रती इतक्या घरांत पोचल्या आहेत की तुम्ही ते बहुधा पाहिलेलं असेल. एखादी चांगली प्रत समोर ठेवा. फोनवर असली तरी चालेल. खोलीतला उजेड थोडा कमी करा आणि निवांत बसा.

पहिलं मिनिट काहीच ठरवू नका. “किती सुंदर”, “अगदी जिवंत” असे शब्द ओठांवर येतील, कारण या चित्राबद्दल ते नेहमीच बोलले जातात. आलेच तर येऊ द्या आणि पुन्हा चित्राकडे वळा. शेरा मारून झाला की डोळ्यांना वाटतं आपलं काम संपलं. ते आत्ता कुठं सुरू होतंय.

आता तिच्या चेहऱ्याकडे बघा. उजेड कुठून येतोय? दिवसाचा उजेड वरून पडतो. कपाळ उजळतं आणि हनुवटीखाली सावली राहते. इथं उजेड खालून आलाय, म्हणून हनुवटी आणि गाल यांच्या खालच्या कडा आधी भेटतात. रोजचा चेहरा उलट्या बाजूनं उजळला की अनोळखी, गंभीर वाटू लागतो. तिची नजर कुठं आहे, तिच्या मनात काय असेल, हे मी सांगत नाही. ते तुम्ही बघा, आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या.

मग त्या उजेडाचा माग काढत खाली या. गळा, खांदा, आणि मग हात. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. आणि ज्योत? ती दिसत नाही. अख्खं चित्र जिच्यामुळे दिसतंय ती ज्योतच तळहाताआड आहे. इथं थोडं थांबा. जे दिसत नाही त्याची इतकी खात्री आपल्याला कशी पटली? कारण ते जिथं जिथं पडलंय तिथली नोंद चित्रकारानं चोख ठेवली आहे: चेहऱ्यावर, पदरावर, मागच्या भिंतीवर पडलेल्या तिच्या सावलीत.

आता फक्त बोटं बघा. त्यांच्या कडा लालसर पेटल्या आहेत. जमलं तर अंधारात फोनची बॅटरी लावून आपली बोटं तिच्यासमोर धरून पाहा. बोटांमधून पलीकडे येणारा उजेड लाल असतो. रक्त आणि मांस निळा-हिरवा उजेड बराचसा शोषून घेतात. लाल तेवढा पार होतो. म्हणजे चित्रातली ती लाली दिव्याची आहे तशी तिच्या रक्ताचीही आहे. हात तापला असेल. ज्योत विझू नये म्हणून माणूस असा हात धरतो, तेव्हा थोडी धग सोसावी लागतेच. आशेचं नाव असलेल्या चित्रात ही धगही आहे.

एक दीर्घ श्वास घ्या. आता नजर उजेडाकडून अंधाराकडे न्या. दिव्यापासून लांब जाता जाता साडीचा रंग कसा मंद होत जातो ते बघा. कुठल्या ठिकाणी तो संपला आणि अंधार सुरू झाला, असं बोट ठेवून सांगता येतं का? प्रयत्न करा. तुमचं बोट पुढं-मागं होत राहील.

हे सगळं जलरंगात केलेलं आहे, कागदावर. ही गोष्ट मनाशी नीट धरून बसा, कारण चित्राचा खरा कस इथं आहे. तैलरंगात आधी गडद थर देऊन त्यावर उजळ रंग चढवता येतो, चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतो. पारदर्शक जलरंगाची रीत उलटी. तिथं उजेड म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. जिथं उजेड हवा तिथं रंग पातळच लावायचा किंवा लावायचाच नाही. अंधार हळूहळू गडद करत न्यायचा: पाण्यात पसरवलेला एक हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. कागद ओला असताना घाई केली तर रंग नको तिथं पसरतो. फार वेळा हात फिरवला तर रंग मळतो. आणि एकदा झाकलेला पांढरा कागद पहिल्यासारखा परत मिळत नाही.

म्हणून सर्वांत उजळ जागांकडे पुन्हा बघा. तिथं चित्रकाराचा संयम दिसतो. इथं हात लावायचा नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं आणि भोवतालचा अंधार रंगवून होईपर्यंत पाळलं होतं.

तो हात कुणाचा? हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढून विद्यार्थी घडवले, आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांतही ते होते. हे चित्र १९४५-४६ मधलं. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कागद किती ओला असताना कुंचला टेकवायचा, हे सांगणारी सगळी वर्षं त्या मनगटात होती.

आणि समोर उभी होती त्यांची मुलगी. तीच या चित्राची मॉडेल. २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून ती गेली. आता स्वतःची जागा तपासा. तुम्ही चित्रासमोर जिथं आहात, तिथंच वडील होते. तिचा हात अवघडलेला त्यांना कळत असणार, आणि रंग वाळायची वाटही बघावी लागत असणार. या नजरेत माया आहे आणि मोजमापही आहे. दोन्ही एकाच डोळ्यांत कशी राहतात, यावर थोडा वेळ मन ठेवा.

या चित्राला एक अन्याय चिकटलेला आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्मा यांचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे हे चित्र होण्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी. त्यांची कीर्ती तैलचित्रांची. साडी नेसलेली देखणी स्त्री दिसली की आपण ओळखीचं मोठं नाव देऊन मोकळे होतो. पण आत्ता तुम्ही जे पाहिलंत, तो राखून ठेवलेला कागद आणि थर वाळण्याची वाट बघणारा धीर, ती हळदणकरांची सही आहे. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव वाचायच्या आधीच ती वाचता येते.

पुढच्या वेळी कुठलंही चित्र समोर आलं, तर त्याला तीन गोष्टी विचारा. उजेड कुठून येतोय? हे कशानं आणि कशावर रंगवलंय? रंगवणारा कुठं उभा होता? उत्तरं येईपर्यंत बसा. मग चित्रकाराचं नाव शोधा, नीट उच्चारा, आणि शेजारी कुणी चुकीचं नाव घेतलं तर प्रेमानं दुरुस्त करा. ज्यानं आपल्याला इतकं दाखवलं, त्याचं नाव आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे.