राखण कुणाची, कशाची?

मोझांबिकच्या उत्तर टोकाला काबो डेलगाडो हा प्रांत आहे. जमिनीत माणके, समुद्रतळाखाली नैसर्गिक वायू आणि वर कमालीचे दारिद्र्य. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राया या गावातील पोलिसांवर हल्ला झाला आणि बंडाला तोंड फुटले. त्यानंतर गावे जळत राहिली, लाखो माणसे परागंदा झाली. शेजारी देशांच्या ‘साडेक’ या संघटनेची फौज मात्र आली ती जुलै २०२१ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला होता आणि एप्रिलमध्ये टोटल या फ्रेंच कंपनीने वायुप्रकल्पाचे काम थांबवले होते. परकी सैन्य नको, हा आग्रह मोझांबिक सरकारचाच होता, त्यामुळे उशिराचा दोष एकट्या शेजाऱ्यांना देता येत नाही. तरीही सरकारचे मन वळायला जळकी झोपडी पुरली नाही, बंद पडलेला प्रकल्प लागला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

येण्यापेक्षा जाण्याचा प्रश्न अधिक अवघड. पैशांची चणचण आणि काँगोतील नवी मोहीम यांमुळे साडेकने जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. माघार सुरू असतानाच, मे महिन्यात, बंडखोर मकोमिया शहरात घुसले. पाल्मा आणि वायुप्रकल्पाच्या परिसरात वेगळे आलेले रवांडाचे सैनिक मात्र टिकून राहिले. युरोपीय संघाने त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी २ कोटी युरो मंजूर केले. यावर कुणी म्हणेल, गरीब देशांनी दुसऱ्याच्या घरी किती वर्षे पहारा द्यायचा? शेवटी ते काम त्या देशाच्या सैन्याचेच. बरोबर आहे. पण ‘आम्ही आहोत, परत या’ असे सांगून माणसांना उजाड गावात आणले, की त्या शब्दावर त्यांचा हक्क तयार होतो. तेव्हा निघण्याची तारीख तिजोरीने नव्हे, तर मागे राहणारे स्थानिक सैन्य गाव सांभाळू शकते की नाही, यावरून ठरायला हवी. आधी प्रकल्प सुरक्षित होऊ द्या, रोजगार आपोआप येईल, हा दुसरा युक्तिवाद तर याच प्रांतातील मोंतेपुएझने केव्हाच पोकळ ठरवला आहे. तिथल्या माणिक खाणीभोवती मारहाण आणि हत्या झाल्याच्या आरोपांवर खाणीच्या मालक कंपनीने २०१९ मध्ये, दोष मान्य न करता, ५८ लाख पौंड देऊन तडजोड केली.

आपल्याला याचे काय, असे म्हणण्याचीही सोय नाही. टोटलच्या त्या प्रकल्पात भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा ३० टक्के वाटा आहे आणि त्यांत मुंबईत मुख्यालय असलेली भारत पेट्रोलियमही आहे. प्रकल्पाच्या कुंपणाला पहारा किती, हे विचारण्याचा भागीदारांना अधिकार आहेच. मकोमियात रात्री राखणीला कोण असते, हेही त्यांनी त्याच बैठकीत विचारावे.