जात्याशी बसणारा देव

वडिलांचं दारूचं व्यसन आईने माहेरीही कधी कळू दिलं नाही. वळ पदराखाली झाकून ती देवघरात बसायची. अशा झाकलेल्या दुःखाला श्रद्धा काय उत्तर देते? नातेवाईक म्हणायचे, पूर्वजन्मीचं फेडतेय. हे मला कधीच पटलं नाही. त्यात मार खाणारीच गुन्हेगार ठरते.

मला जवळची वाटते ती संत जनाबाई. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या अभंगांतला विठ्ठल कष्टांची कारणं सांगत नाही. तिच्याबरोबर दळायला बसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. त्यांतही सासुरवास आहे आणि विठ्ठलही आहे. घरात जे बोलता येत नव्हतं, ते पहाटे जात्याशी बोलता येत होतं.

माझी श्रद्धा एवढीच आहे: कुणालाच न दिसलेलं दुःखही देवाला दिसतं. पण त्याला दिसतं म्हणून आपण डोळे मिटायचे नाहीत. शेजारणीच्या हातावर वळ दिसला, तर थांबून तिची चौकशी करणं आणि तिच्या पाठीशी उभं राहणं, हीच मला खरी भक्ती वाटते.