शिकलेला गळा

मंडळात चहाच्या वेळी एका स्नेह्यांनी नवरंग पक्ष्याला एका वाक्यात निकालात काढलं. ‘‘दिसायला छान हो, पण दोन सुरांपलीकडे गाडी जात नाही. आमची बस्तरची मैना बघा, माणसासारखी बोलते. उगाच नाही राज्यपक्षी झाली!’’ रायपूरचा मराठी माणूस छत्तीसगडचा अभिमान बाळगू लागला की त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

नवरंगाचे रंग सांगत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पिट्टा प्रजातीतले त्याचे काही भाऊबंद दलदलीच्या रानातले; खारफुटीतला पिट्टा तर सुंदरबन, भितरकनिकाच्या चिखलातच रमतो. आपला नवरंग त्या मानाने कोरड्यातला, पण विणीला त्यालाही पाऊसच लागतो. बारनवापाऱ्याच्या रानात नाल्याकाठचा ओला पाचोळा चोचीने उलटतो, गांडूळ ओढून काढतो, आखूड शेपटी हलवतो आणि मान मागे टाकून तीच दोन सुरांची शीळ घालतो.

ही शीळ त्याला कुणी शिकवत नाही. पिट्टा ज्या गटातले, त्यातले बहुतेक पक्षी गाणं उपजतच घेऊन येतात, असं मानतात. मैना, बुलबुल, दयाळ ऐकून शिकतात. उपजत आणि शिकलेलं हा भेद माझा फार लाडका, आणि माझा कल कायम उपजताकडे. पिंजऱ्यात बसून मालकाची बोली बोलणं ही हुशारी नव्हे, खुशमस्करी आहे, असं मी स्नेह्यांना सुनावलंही. ते हसले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

    

खुशमस्करीचा आरोप मात्र टिकत नाही. ब्रायन बर्ट्रम यांनी आसामात पहाडी मैनेच्या, म्हणजे बस्तरच्या मैनेच्याच जातीच्या, आवाजांचा अभ्यास केला. तो 1970 साली प्रसिद्ध झाला. रानातली मैना दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांची नक्कल करत नाही, असं त्यांना आढळलं. ती हाका उचलते शेजारच्या मैनांकडून. नर नरांकडून, माद्या माद्यांकडून. दूरच्या वस्तीतल्या हाका वेगळ्या. म्हणजे पिंजऱ्यातली मैना माणसासारखी बोलते, कारण शेजार म्हणून तिला माणूसच उरलेला असतो.

मग माझा कल कुठे राहिला? नवरंगाचं पिल्लू एकटं वाढलं तरी शीळ त्याच्याबरोबर येणारच. मैनेची बोली एकट्या मैनेत नसते, वस्तीत असते. वस्ती उठली की बोलीही गेली. जास्त जपायला हवं ते शिकलेलंच. जगदलपूरला मैना पिंजऱ्यात ठेवून वीण करून घेण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं झाले, यश आलं नाही. आता कांगेर खोऱ्यात आसपासच्या गावांतली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून रानातल्या घरट्यांवर नजर ठेवतात, हे त्याहून शहाणपणाचं.

राज्यपक्षी म्हणून मैनेची निवड योग्यच आहे. स्नेह्यांनी दिलेलं कारण तेवढं साफ चुकीचं.