पाणपोईचा पेला

फुकट वाटलेली वस्तू चोरता येते का? हा प्रश्न मला विक्रोळीत, कन्नमवारनगरातल्या एका छपाईच्या दुकानात पडला. दुकान छोटं, फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड अशी कामं. काउंटरवर कागद चिकटवलेला: ‘नवा मराठी फॉन्ट, ३०० रुपये’. अक्षरं ओळखीची वाटली म्हणून विकत घेतला. घरी फाइल उघडली, तर तो एक मुक्त फॉन्ट निघाला, मी स्वतः फुकट उतरवून वापरत असलेला. माहितीच्या रकान्यातून मूळ कर्त्यांची नावं आणि परवाना पुसलेला होता. तिथे दुकानाचं नाव होतं.

देवनागरीतले अनेक चांगले फॉन्ट आज ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली मिळतात, मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता त्यांतलाच. २००५पासून चालत आलेल्या या परवान्याचं म्हणणं साधं आहे. वापरा, बदला, वाटा, त्यात पुस्तक छापून खुशाल विका. मात्र नुसता फॉन्ट विकू नका, प्रत्येक प्रतीसोबत कर्त्यांची नोंद आणि परवाना ठेवा, आणि बदललेला फॉन्टही याच अटींवर पुढे द्या.

मी आमच्या अक्षरवाल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं, दुकानाच्या पाटीच्या फोटोसकट. रात्रीपर्यंत ग्रुप पेटला. चोर, भामटा, पोलिसांत द्या. एकानेच विचारलं, “पण कुणाचं काय गेलं?” त्याच्यावर सगळे तुटून पडले. उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

उत्तर शोधताना मला पाणपोई आठवते. पाणपोईवर पाण्याला साखळी नसते, पेल्याला असते. पाणी हवं तेवढं प्या. पेला घरी नेऊ नका. ती साखळी पिणाऱ्याला अडवायला नसते, त्याच्या मागे उभ्या असलेल्यासाठी असते. मुक्त परवान्याच्या अटी तशाच. दुकानदाराने कर्त्याचे पैसे बुडवले नाहीत, कारण कर्त्याला ते नकोच होते. त्याने ३०० रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकापासून ‘हे तुझंही आहे’ ही गोष्ट लपवली. देणाऱ्याचं ऋण देणाऱ्याला फेडायचंच नव्हतं, पुढच्याला फेडायचं होतं. २०२१मध्ये ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी’ने कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला, तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नात्याने नव्हे, तर टीव्ही विकत घेणारं गिऱ्हाईक म्हणून. टीव्हीतल्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आम्हाला मिळाला पाहिजे, एवढंच म्हणणं. हक्क मागच्या माणसाचा आहे, हेच त्यामागचं तत्त्व.

म्हणजे अन्याय झाला होता. मग आमचा संताप न्याय्य होता का?

दोन दिवसांनी मी दुकानात गेलो. फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता. “साहेब, फुकटच होता ना तो? फुकट म्हणजे कुणाचाच नाही, असं वाटलं मला.” मग त्याने संगणकावर दाखवलं. मूळ फॉन्टातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. गिऱ्हाइकं तक्रार करायची, म्हणून त्याने रात्री बसून ते मराठी वळणाचे काढले होते. काही जोडाक्षरंही दुरुस्त केली होती. काम खरोखर चांगलं होतं. बदल करायला परवान्याने त्याला मोकळीकच दिली होती. नाव बदलायलाही हरकत नव्हती. “आधी येऊन बोलला असतात तर,” तो म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वेळी माझ्या लॅपटॉपवर डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर होतं, पैसे न देता मिळवलेलं. ग्रुपवर ‘चोर’ म्हणणाऱ्यांत तसे आणखी किती होते, ते मोजायला कुणीच तयार झालं नसतं. दुसऱ्याच्या परवान्याबद्दल ओरडणं सोपं होतं, शिवाय दुकान छोटं होतं.

२०१५मध्ये कन्झर्व्हन्सी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांनी अशा तक्रारींसाठी काही तत्त्वं मांडली: उद्देश परवाना पाळला जावा हा, पैसा नव्हे, बोभाटा न करता बोलावं, कोर्ट शेवटचा उपाय. पूर्वी हे मला मवाळपणाचं वाटायचं. आता त्यात व्यवहार दिसतो. समोरचा माणूस उद्याचा देणारा असू शकतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

दुकानदाराने कागद काढला, फॉन्ट विकणं बंद केलं. ग्रुपवर ‘जिंकलो’चे अंगठे आले. त्याचे ‘ल’ आणि ‘श’ मी मागितले. परवान्यासह सगळ्यांना देऊ, तुमचं नाव लावू, असंही म्हटलं. तो नाही म्हणाला. वाटलं नाही तर परवान्याला काही म्हणायचं नाही. तो त्याचा हक्क होता.

पेला जागेवर आला. पाणपोईवर एक घडा भरून ठेवायला निघालेला माणूस मात्र आम्ही हाकलून दिला. मूळ फॉन्टात ‘ल’ अजून हिंदी वळणाचाच आहे. तो टाइप करताना दर वेळी मला त्या रात्रीचा माझा फोटो आठवतो.